मंगळवारचा पट आणि मागे उभे राहणारे काका

*ताई,*

*मी मूळची कराडची. गेली चौदा वर्षे उत्तर लंडनमध्ये राहते. सहा वर्षांपूर्वी ग्रीन लेन्सवरच्या एका कॅफेत सायप्रसच्या एका तुर्की गृहस्थांनी मला बॅकगॅमन हा फाशा-सोंगट्यांचा खेळ शिकवला. ते त्याला तावला म्हणतात. मी त्यांना 'अमजा' म्हणते. तुर्कीत अमजा म्हणजे काका, अगदी वडिलांचा भाऊ. पहिल्या दिवशी त्यांनी फासे टाकून 'येक', 'पेंज', 'शेश' असं पुकारलं आणि मला आमच्या घरचे पत्ते आठवले. एक्का, पंजा, छक्का. तिथेच मी या खेळात पडले. पुढे माझ्या जेवणाच्या टेबलावर आम्ही चौघं खेळायला लागलो. आता एका पबच्या वरच्या खोलीत दर मंगळवारी वीस-बावीस जण येतात.*

*अडचण अशी आहे. अमजा प्रत्येक नवख्याच्या मागे उभे राहून खेळी सांगतात. कधी हात पुढे करून स्वतःच सोंगटी हलवतात. गेल्या दोन महिन्यांत तीन बायका एकेकदा येऊन गेल्या, पुन्हा आल्या नाहीत. दोघा-तिघा पट्टीच्या खेळाडूंना वीस-वीस पौंड लावून सात गुणांचे, म्हणजे कुणाचे तरी सात गुण होईपर्यंत चालणारे, लांब सामने हवेत. मी पट वाहून आणते, जोड्या लावते, माणसं विषम झाली की मीच बाहेर बसते. तीन महिन्यांत मी एकही डाव पुरा खेळलेले नाही. नवरा म्हणतो, बंद कर. अमजांचं वय ७६. त्यांनीच मला शिकवलं, त्यांना मी कसं बोलू? की हे सगळं कुणाच्या तरी हाती देऊन मोकळी होऊ?*

*मंगळवारवाली, लंडन*

मंगळवारवाली,

बंद करू नका. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही निवांत वाचाल. पण आता चाललंय तसंही चालवू नका. आणि अमजांशी बोलायचं टाळून यातलं काही सुटेल, अशी आशा धरू नका.

तुमचं पत्र वाचताना 'हात पुढे करून स्वतःच सोंगटी हलवतात' या वाक्यापाशी मी थांबले. बर्लिनला असताना नऊ वर्षे माझ्या स्वयंपाकघरात दर गुरुवारी पट मांडले जायचे. वरच्या मजल्यावरच्या इराणी जोडप्याने मला हा खेळ शिकवला. त्यांच्याकडे तो 'तख्ते', आणि सोंगटी म्हणजे 'मोहरे'. आपला बुद्धिबळातला मोहरा तोच. तिसऱ्या वर्षी सांगलीची एक मुलगी यायला लागली. यायला लागली म्हणजे एकदाच आली. तिथल्या एका इस्पितळात परिचारिका होती, शहरात नवी होती, कुणाची ओळख नव्हती. तिच्या पटाभोवती तिघं जण वाकले. ती सोंगटीला हात लावायची आणि कुणीतरी म्हणायचं, "नाही नाही, ती नको." मग माझ्या एका जिवलग मैत्रिणीने सरळ तिच्या बोटांखालची सोंगटी काढून दुसऱ्या घरात ठेवली. मुलगी हसली, डाव संपवला, चहाचा कप धुऊन ठेवला आणि गेली. मी हे सगळं ओट्याशी उभी राहून पाहिलं. मैत्रिणीला काय बोलायचं, म्हणून गप्प बसले. वर्षभराने ती मुलगी गणपतीच्या कार्यक्रमात भेटली. म्हणाली, "खेळ मला आवडला होता हो. पण त्या दिवशी मी खेळलेच नाही ना."

हे मला आजही लागतं. म्हणून तुमच्या त्या तीन बायकांबद्दल मी अंदाजाने बोलत नाही. त्या खेळाला कंटाळून गेल्या नाहीत, त्यांना खेळूच दिलं गेलं नाही. आणि त्या खोलीत हे थांबवू शकणारं माणूस एकच आहे. ज्यांना येऊन तीन वर्षे झाली, ते स्वतःची काळजी घेतात. जिला खोलीत कुणी ओळखत नाही आणि जी सलग दोन डाव हरली आहे, तिच्याकडे लक्ष ठेवायचं काम यजमानाचं. पट मांडणं, जोड्या लावणं हे सगळं त्याच्यानंतर येतं.

आता या खेळाबद्दल थोडं बोलते, कारण तुमच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं त्यातच आहेत.

एक जुनी इराणी कथा आहे. हिंदुस्थानच्या राजाने खुस्रो अनुशिरवानच्या दरबारात बुद्धिबळाचा पट पाठवला आणि म्हटलं, हा खेळ कसा खेळतात ते ओळखून दाखवा. बोझोर्गमेहर नावाच्या मंत्र्याने तो ओळखला आणि उत्तरादाखल नर्द, म्हणजे आजच्या बॅकगॅमनचा पूर्वज, रचून हिंदुस्थानात पाठवला. आपल्या पंडितांना त्याचा उलगडा झाला नाही, असं कथा सांगते. तीस सोंगट्या म्हणजे महिन्याचे दिवस-रात्र आणि फाशांचं फिरणं म्हणजे आकाशाचं फिरणं. इतिहास म्हणून ही कथा घेऊ नका. पण कथा रचणाऱ्याने दोन्ही खेळांतला फरक नेमका पकडला होता. बुद्धिबळात नवखा माणूस उस्तादाला हरवत नाही. इथे हरवतो, आणि एकाच संध्याकाळी दोनदाही हरवतो.

१९७९ साली मोंटे कार्लोत लुइजी व्हिला बॅकगॅमनचा जगज्जेता झाला आणि लगेच हान्स बर्लिनर यांनी लिहिलेल्या संगणक प्रोग्रामशी झालेल्या सामन्यात ७-१ असा हरला. मला त्यातली पुढची गोष्ट आवडते. बर्लिनर यांनी नंतर एकेक खेळी तपासली आणि मोकळेपणाने सांगितलं की व्हिला जास्त चांगला खेळला होता, त्यांच्या प्रोग्रामला फाशांनी साथ दिली. जगज्जेत्याचं असं होतं, तर मंगळवारी पहिल्यांदा आलेल्या मुलीला एखादा डाव जिंकता येईलच की.

पण हे छोट्या सामन्यात होतं. सामना जितका लांब, तितकं नशीब निवत जातं आणि कसब वर येतं. सात गुणांचा सामना म्हणजे साधारण तासभर. तेवढ्या वेळात नवख्याचं काय होणार हे दोघांनाही दहाव्या मिनिटाला कळतं आणि उरलेला वेळ तो शिक्षा भोगल्यासारखा बसतो. म्हणून सात गुणांचे सामने पहिल्या दोन तासांतून काढून टाका. एका गुणाचे डाव ठेवा, फार तर तीन गुणांचे. एका गुणाच्या डावात डावाची किंमत दुप्पट करायच्या फाशाची गरजच नसते. २, ४, ८ पासून ६४ पर्यंत आकडे असलेल्या त्या फाशाचा नियम नवख्याला पहिल्याच दिवशी सांगायचं कारण नाही. तो फासा १९२० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये आला. त्याआधी शतकानुशतके माणसं त्याच्याशिवाय खेळत होती, आणि ग्रीन लेन्सच्या कॅफेत तर आजही त्याच्याशिवायच खेळतात. अमजांनी तुम्हालाही तसाच शिकवला असणार.

आणि तुम्ही बाहेर का बसता? माणसं विषम झाली म्हणून. मग जोड्यांचा हट्ट सोडा. या खेळात तीन, चार, पाच जणांनी एका पटावर खेळायची रीत आहे, तिला शुएत म्हणतात. एक जण एकटा, बाकीचे सगळे मिळून त्याच्याविरुद्ध. त्या सगळ्यांचा एक कप्तान फासे टाकतो आणि सोंगट्या हलवतो. एकटा हरला की कप्तान त्याच्या जागी येतो. कप्तान हरला की तो रांगेत शेवटी जातो आणि पुढचा कप्तान होतो. बहुतेक ठिकाणी गटातल्यांना कप्तानाला सल्ला द्यायची मुभा असते, म्हणजे बोलायची परवानगी खेळातच आहे. शेवटचा शब्द कप्तानाचा आणि सोंगटीला हातही कप्तानाचाच, एवढं एकदा स्पष्ट सांगायचं. तेवीस जण आले तर दहा जोड्या आणि तिघांचा एक शुएत. कुणी बाहेर नाही, तुम्हीही नाही.

माझ्या मते अमजांची जागा तिथे आहे. त्यांना कायम बोलावंसं वाटतं, मग जिथे बोलणं हवं असतं तिथे त्यांना बसवा.

मला त्यांची बाजूही कळते. कॅफेत चार जण खेळतात, दहा जण मागे उभे राहतात आणि दहाही जण बोलतात. फाशांवर ३-१ पडलं आणि समोरच्याने दोन सोंगट्या बसवून आपल्या घरातला पाचवा बिंदू बांधला नाही, तर ज्याने साठ वर्षे तो बांधला त्याला गप्प बसवत नाही. तिथे कुणाला त्याचा राग येत नाही, कारण तिथले सगळे लहानपणापासून एकमेकांना ओळखतात. हरणाऱ्याच्या काखेत पट देतात, म्हणजे जा, शिकून ये. चिडवणं हा तिथे लाडाचाच प्रकार असतो. पण पबच्या वरच्या खोलीत ऑफिसातून एकटी आलेली बाई तो लाड म्हणून घेऊ शकत नाही. तिच्या मानेमागे एक अनोळखी पुरुष उभा आहे आणि तिचं चुकतंय एवढंच तिला कळतं. अमजांना हे दिसत नाही. कुणी सांगितल्याशिवाय दिसणारही नाही.

सांगायचं तर मंगळवारी सांगू नका. चारचौघांत तर मुळीच नाही. दुपारी त्यांच्या कॅफेत जा, जिथे तुम्ही शिकलात तिथेच. आधी दोन डाव खेळा. मग साध्या शब्दांत बोला. असं काहीतरी: "अमजा, तीन बायका आल्या आणि परत आल्या नाहीत. त्यांनी स्वतःच्या हाताने खेळावं असं मला वाटतं. मंगळवारी चालू डावात तुम्ही बोलू नका आणि कुणाच्या सोंगटीला हात लावू नका. पण मला तुमची दुसरी गरज आहे. सात ते पावणेआठ एक टेबल तुमचं. ज्याला शिकायचंय तो तुमच्याकडे बसेल."

यातलं पहिलं वाक्य गाळून थेट शिकवण्याच्या टेबलावर येऊ नका. आपल्या माणसांना, त्यातून वडीलधाऱ्यांना काही सांगायचं म्हटलं की आपण गोड भाग सांगतो आणि कडू भाग त्यांनी ओळखावा अशी अपेक्षा करतो. अमजा ओळखणार नाहीत. ते पावणेआठपर्यंत शिकवतील आणि आठ वाजता पुन्हा कुणाच्या तरी मागे उभे राहतील. नकार स्पष्ट द्या, मान कमी करू नका. त्यांनी तुम्हाला शिकवलं याचं ऋण आहेच. पण ते ऋण त्या तीन बायकांनी का फेडायचं?

ते रागावतील का? एखादा मंगळवार कदाचित येणार नाहीत. तेव्हा फोन करा, तब्येत विचारा आणि टेबल राखून ठेवा. ज्याने तुम्हाला इतक्या प्रेमाने आकडे शिकवले तो माणूस शिकवायला टेबल मिळालं तर फार काळ दूर राहील असं मला वाटत नाही. त्या टेबलावर त्यांना 'दुशेश' (सहा-सहा) आणि 'दुबारा' (दोन-दोन) मनसोक्त ओरडू द्या. नव्या लोकांना ते आवडेल. तुम्हाला आवडलंच होतं.

नियम मात्र एकट्या अमजांसाठी करू नका. तो सगळ्यांसाठी करा आणि सुरुवातीलाच मोठ्याने सांगा: डाव चालू असताना बाहेरच्याने बोलायचं नाही. डाव संपल्यावर दोन्ही खेळाडूंना हवं असेल तरच चर्चा. फोनवरच्या प्रोग्राममध्ये खेळी घालून "बघ, तुझी इतकी चूक झाली" हेही त्यातच आलं. तुमच्या पट्टीच्या खेळाडूंना ही सवय असणार. ज्यांना तपासायचं असेल त्यांनी पटाचा फोटो काढावा आणि घरी तपासावं.

पैशांचं थोडक्यात सांगते, कारण इथे माझ्या मनात काही शंका नाही. त्या खोलीत वीस पौंड नकोत. ब्रिटनमध्ये पबमध्ये अशा खेळांवर माणशी एका डावाला पाच पौंडांची मर्यादा आहे आणि खेळायला बसण्याचे पैसे घेता येत नाहीत. हे मोडलं तर त्रास पबवाल्याला होईल आणि खोली तुमची जाईल. कायदा बाजूला ठेवला तरी, शेजारच्या टेबलावर नोटा दिसल्या की एका गुणाचा डाव खेळणारी माणसं आपोआप खालच्या आवाजात बोलायला लागतात. खोली कुणाची हे त्यांना त्यातूनच समजतं. त्या दोघा-तिघांना सांगा, नऊनंतर कोपऱ्यातलं टेबल तुमचं, लांब सामने खेळा, घड्याळ लावा, पण पैसे नाहीत. पैसे लावायचे असतील तर एकमेकांच्या घरी. हे ऐकून एखादा गेला तर जाऊ द्या. त्याला खेळायला दुसऱ्या जागा सापडतील. तुमच्या मंगळवारसारखी जागा नवख्याला सहज सापडत नाही.

आता तुमच्या यजमानांबद्दल. ते बंद कर म्हणतात, कारण दर मंगळवारी रात्री ते तुम्हाला आठ-दहा पटांची पिशवी ओढत घरी येताना पाहतात. त्यांना खेळाचा राग नाही, तुम्ही थकून येता त्याचा आहे, असं पत्रावरून तरी वाटतं. त्यांचं निम्मं खरं आहे. पट तुम्ही का वाहता? इतकी वर्षे येणाऱ्या माणसांच्या घरात पट आहेत. प्रत्येक जुन्या माणसाने आपला पट आणावा. तुम्ही दोनच आणा, नव्या लोकांसाठी. पबमध्ये एखादं कपाट मिळतं का विचारा. दर मंगळवारी खोलीत वीस माणसं येऊन खातात-पितात, एवढं पबवाला नक्की करेल. जोड्या लावायचं काम तुमच्याइतकंच नेमाने येणाऱ्या दुसऱ्या कुणाला द्या, आणि खरोखर द्या. तो चुकीच्या जोड्या लावेल, लावू द्या. मी बर्लिनमध्ये काम वाटून दिलं, पण मागे उभी राहून बघत बसले, म्हणजे मैत्रिणीने सोंगटीचं केलं तेच मी कामाचं केलं. हे कळायला मला दोन वर्षे गेली.

दर आठवड्याला घेणं जड जात असेल तर एक मंगळवार सोडून घ्या. पण मग ते तारखेवर ठरवा, मनःस्थितीवर नको. "या आठवड्यात आहे का?" असं विचारावं लागलं की माणसं विचारणं सोडून देतात. हिवाळ्यात आठ वाजता अंधारातून बस बदलून येणाऱ्या माणसाला दिवा लागलेला असेल एवढी खात्री हवी असते.

दुसऱ्याच्या हाती सोपवून मोकळं व्हायचं का, हेही तुम्ही विचारलंत. आज नको. तीन महिने न खेळलेल्या माणसाने हा निर्णय घेऊ नये. आज तुम्हाला मंगळवार म्हणजे पिशवी, जोड्या, तक्रारी, एवढंच आठवतंय. आधी आठ मंगळवार खेळा. दर वेळी निदान दोन डाव, पुरे, मधेच न उठता. कुणी काही विचारायला आलं तर म्हणा, "हा डाव संपू दे." खोली कोसळणार नाही. त्यानंतरही नको वाटलं तर खुशाल सोडा, मला कळवा, मी तेव्हा थांबवणार नाही.

आणि एक काम आज रात्रीच करा. त्या तिघींचे नंबर तुमच्याकडे असतील, नसतील तर मिळवा. गटात नको, प्रत्येकीला वेगळा निरोप लिहा. माफीचं लांबण नको. लिहा की मागच्या वेळी तुम्हाला नीट खेळू दिलं नाही ते माझ्या लक्षात आलंय, आता डाव चालू असताना कुणी बोलणार नाही असा नियम केलाय. लिहा की पुढच्या मंगळवारी पावणेआठला या, खिडकीजवळचा पट मांडून ठेवते, पहिला डाव माझ्याशी.

तुमची,
ताई